शिशाचे शिपाई आणि एच. जी. वेल्स

एच. जी. वेल्स हे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. काळयंत्रात बसून भविष्यात जाणारा प्रवासी, औषधाच्या योगाने अदृश्य झालेला माणूस, मंगळावरून पृथ्वीवर चालून आलेले आक्रमक या त्यांच्या कल्पना आपल्याकडील निदान तीन पिढ्यांनी वाचलेल्या आहेत. कोणी इंग्रजीतून, कोणी अनुवादांतून, तर कोणी चित्रपटांतून. आम्ही मात्र या स्मरणिकेच्या पानांत त्यांच्या कादंबऱ्यांविषयी फारसे लिहिणार नाही. वयाच्या पंचेचाळिशीच्या सुमारास, जगभर कीर्ती पसरलेली असताना, हे गृहस्थ जमिनीवर पालथे पडून खेळण्यातल्या तोफेने शिशाचे शिपाई पाडीत असत आणि त्या खेळाचे नियम त्यांनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. ते पुस्तक निघाले १९१३ साली. पुढच्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले. युद्धाचा मनापासून तिटकारा असलेला आणि युद्धाच्या खेळात मनापासून रमणारा असा हा एकच माणूस होता. हे दोन्ही खरे कसे, आणि खऱ्या युद्धाची घटका आली तेव्हा या दोहोंपैकी काय टिकले, हे त्यांच्या चरित्राच्या आधाराने पाहावे एवढाच आमचा हेतू आहे.

हर्बर्ट जॉर्ज वेल्स यांचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी केंट परगण्यातील ब्रॉम्ली या गावी झाला. वडील जोसेफ हे मूळचे माळीकाम करणारे. पुढे त्यांनी चिनी मातीची भांडी आणि क्रिकेटचे साहित्य विकण्याचे दुकान घातले. दुकान कधीच नीट चालले नाही. वडिलांचे खरे लक्ष क्रिकेटच्या मैदानावर. १८६२ साली केंटकडून खेळताना ससेक्सचे चार गडी त्यांनी लागोपाठ चार चेंडूंवर बाद केले होते आणि गोलंदाजीच्या मिळकतीवरच घराचा पुष्कळसा भार चालत असे. आई सेरा ही लग्नापूर्वी एका मोठ्या घराण्यात मालकिणीची परिचारिका होती. १८७४ साली छोट्या हर्बर्टचा पाय मोडला आणि तो काही आठवडे अंथरुणाला खिळला. वडील त्याला ग्रंथालयातून पुस्तके आणून देत. वाचनाची गोडी लागली ती तेव्हा. आपल्या आयुष्यातले ते मोठे भाग्य, असे वेल्स पुढे मानीत. तीनच वर्षांनी वडिलांचाही पाय मोडला. त्यांचे क्रिकेट संपले आणि घराचा आधारही संपला. १८८० साली आईने अपपार्क या सरदारवाड्यात हाऊसकीपरची नोकरी धरली, आणि संसार पांगला.

या काळातली एक गोष्ट वेल्स यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात सांगितली आहे, आणि ती आमच्या विषयाशी अगदी निकटची आहे. तेरा वर्षांचा हा किडकिडीत मुलगा ब्रॉम्लीच्या आसपासच्या टेकड्यांवरून एकटाच भटकत असे आणि मनातल्या मनात तेथे महायुद्धे लढत असे. टेकडी दिसली की तीवर तोफा चढवायच्या, ओहोळ दिसला की तो घोडदळाने ओलांडायचा, आणि अखेरीस विजयी सेनापती म्हणून राजधानीत प्रवेश करायचा. रस्त्यावरच्या इतर लोकांना दिसत असे तो केवळ हातवारे करीत चाललेला एक पोरगा. असे दिवास्वप्न कोणत्या मुलाने पाहिलेले नसते? फरक इतकाच, की बहुतेक जण मोठेपणी ते विसरतात आणि वेल्स ते विसरले नाहीत.

आईने या मुलाला कापडदुकानात उमेदवार म्हणून बांधून टाकले. साउथसी येथील दुकानात १८८१ ते १८८३ अशी दोन वर्षे त्याने काढली. दिवसाचे तेरा तास उभे राहायचे, ठाण घड्या घालून परत रचायचे, रात्री इतर उमेदवारांबरोबर एकाच दालनात झोपायचे. ही कैद असह्य होऊन तो एके दिवशी पायी चालत आईकडे गेला आणि आपल्याला यातून सोडवावे म्हणून त्याने हट्ट धरला. सुटका झाली, मिडहर्स्टच्या शाळेत विद्यार्थी-शिक्षकाची जागा मिळाली. त्या काळी सरकारी विज्ञान परीक्षांत जितके विद्यार्थी उत्तीर्ण होत तितके अनुदान शिक्षकाच्या पदरात पडे. त्यामुळे हुशार मुलाला परीक्षेला बसविण्यात मुख्याध्यापकांचाही लाभ होता. वेल्स धडाधड उत्तीर्ण होत गेले आणि १८८४ साली साउथ केन्सिंग्टनच्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर दाखल झाले. आठवड्याला एक गिनी मिळे; ती पुरत नसे. सरकारी योजनांना नावे ठेवण्याची सर्वांनाच सवय असते, आणि त्या योजना राबविण्यात आमचे आयुष्य गेल्यामुळे ती नावे आम्ही नित्य ऐकत आलो आहोत. म्हणून अशा एका रूक्ष अनुदाननियमातून एच. जी. वेल्स निपजले याची येथे नोंद केल्यावाचून आम्हांला राहवत नाही.

तेथे पहिल्या वर्षी टी. एच. हक्सले यांची जीवशास्त्रावरील व्याख्याने त्यांना लाभली. डार्विनचा हा खंदा पुरस्कर्ता आपला गुरू, ही जाणीव वेल्स यांना जन्मभर पुरली. पुढील दोन वर्षे मात्र त्यांनी वादसभांत घालविली आणि १८८७ साली ते भूशास्त्रात नापास होऊन बाहेर पडले. त्याच वर्षी वेल्समधील एका शाळेत शिकवीत असता फुटबॉलच्या खेळात मूत्रपिंडाला जबर इजा झाली, पुढे तोंडातून रक्त पडू लागले. शिकविण्याचे दगदगीचे काम झेपेना, तेव्हा लेखणी हाती घेतली. १८९५ ते १८९८ या चार वर्षांत काळयंत्र, अदृश्य माणूस आणि मंगळावरील आक्रमक या तीनही कादंबऱ्या बाहेर पडल्या. खासगी आयुष्यही वादळी होते. चुलतबहीण इझाबेल हिच्याशी १८९१ साली झालेला विवाह मोडून १८९५ साली त्यांनी आपली विद्यार्थिनी कॅथरीन रॉबिन्स हिच्याशी विवाह केला. तिला ते जेन म्हणत. त्यानंतरही त्यांचे मन एका ठिकाणी स्थिर राहिले नाही. त्या तपशिलात शिरण्याचे आम्हांला प्रयोजन नाही; मात्र त्यातील एका तारखेचा उल्लेख पुढे करावा लागेल.

पुस्तकांच्या मिळकतीतून केंटच्या समुद्रकिनारी सँडगेट येथे त्यांनी स्वतःचे घर बांधले. १९०१ साली जॉर्ज फिलिप आणि १९०३ साली फ्रँक असे दोन मुलगे झाले. थोरल्याला घरात गिप म्हणत. या मुलांबरोबर वेल्स जमिनीवर बसले आणि, खरे सांगायचे तर, मुले मोठी झाली तरी उठले नाहीत. लाकडी विटा, फळ्या, बागेतून तोडून आणलेल्या डहाळ्या आणि शिशाची चित्रे एवढ्या सामग्रीवर ते बेटे रचीत, शेजारीशेजारी दोन नगरे वसवीत, त्यांत आगगाडी फिरवीत. १९११ साली या खेळांवर त्यांनी ‘फ्लोअर गेम्स’ हे छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी एक तक्रार मांडली आहे. दुकानात जावे तर जिकडे तिकडे शिपाईच मिळतात. साधी माणसे मिळत नाहीत. नगर वसवायचे तर खाटीक, पाववाला, टपालवाला हवेत, आणि खेळण्यांच्या जगात त्यांचा दुष्काळ. जर्मनीत विकत घेतलेले काही शिपाई त्यांनी अखेर पोलीस म्हणून चालवून घेतले होते.

ही तक्रार वाचताना आम्हांला दिवाळीतला किल्ला आठवला नसता तरच नवल. मुलूख सोडून कितीही दूर गेलेले मराठी घर असो, अंगणात वा इमारतीच्या जिन्याखाली दगडगोटे आणि चिखल यांचा किल्ला उभा राहतोच. वर सिंहासनावर महाराज, बुरुजांवर मावळे, आणि उतारावर अळीव वा मोहरी पेरून आणलेली हिरवळ. पण त्या किल्ल्याच्या पायथ्याशी काय असते ते पाहावे. डोक्यावर घडे घेतलेली गवळण असते, तराजू घेऊन बसलेला वाणी असतो, नांगर धरलेला शेतकरी असतो, विहीर असते. आमचा कुंभार शिपाई घडवतो तसा गावही घडवतो. वेल्स यांना लंडनच्या मोठ्या दुकानांत जे मिळाले नाही ते पुण्याच्या वा सांगलीच्या बाजारात दोन-चार आण्यांत मिळाले असते.

असो. लंडनच्या दुकानांत शिपाई इतके स्वस्त आणि इतके मुबलक झाले होते त्याचेही एक कारण होते. पूर्वी शिशाचे भरीव शिपाई जर्मनीहून येत; ते जड आणि महाग असत. १८९३ साली विल्यम ब्रिटन या लंडनच्या खेळणी-कारागिराने पोकळ ओतकामाची युक्ती काढली. वितळलेला धातू साच्यात ओतायचा, साचा हलवायचा, साच्याला टेकलेला पातळ थर थिजला की आतला उरलेला रस लगेच बाहेर ओतून टाकायचा. शिपाई आतून पोकळ राहतो, धातू निम्म्याहून कमी लागतो आणि किंमत उतरते. उंची साधारण ५४ मिलिमीटर, म्हणजे मुलांच्या खेळातल्या आगगाडीशी जुळणारी. रंगकाम मात्र हातानेच होई, आणि ते बहुतांशी स्त्रिया करीत. लाल डगला, काळे बूट, गुलाबी चेहऱ्यावर डोळ्यांचे दोन ठिपके, ओठांवर मिशीचा एक फटकारा, वर चकचकीत रोगण. पायाखाली धातूचीच छोटी बैठक असे, म्हणजे शिपाई उभा राही. ब्रिटनच्या यादीत साम्राज्यातल्या पलटणीही होत्या. मुंबई इलाख्याच्या देशी पायदळाचा आणि मुंबई लान्सर्सचा संच त्यांत होता. तेव्हा कोकणातला वा देशावरचा एखादा जवान दोन इंचांचा होऊन विलायतेतल्या मुलाच्या खोक्यात जाऊन बसला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

याच कारखान्याची एक छोटी तोफ होती. बोअर युद्धात गाजलेल्या ४.७ इंची आरमारी तोफेची ती प्रतिकृती. तिच्यात स्प्रिंग होती आणि ती इंचभर लांबीची लाकडी कांडी फेकी. नऊ यार्डांवरून दहांपैकी नऊ वेळा तिने शिपाई पडतो, असा वेल्स यांचा दावा आहे. सँडगेटला एकदा विनोदी लेखक जेरोम के. जेरोम जेवायला आले होते. शेजारच्या मेजावर मुलांचे चार-पाच शिपाई आणि ही तोफ पडलेली होती. कॉफी येण्याच्या आत जेरोम यांनी खुर्ची ओढली, तोफ भरली, नेम धरला आणि एक शिपाई पाडला. झाले! दोन प्रौढ गृहस्थांत लगेच सामना जुंपला आणि त्यातून पुढे एक नवा खेळ जन्मास आला. पहिले रणांगण म्हणजे गालिच्यावर रचलेले ज्ञानकोशाचे खंड. तेच डोंगर, तीच घरे. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या लढाईतून परतलेल्या एका कॅप्टनने आणि त्याच्या भावाने नियमांना धार लावली.

ते नियम सांगण्यासारखे आहेत. दोन्ही बाजूंचे सैन्य मांडताना मध्ये पडदा सोडायचा, म्हणजे शत्रूची रचना दिसत नाही. मग आळीपाळीने चाल. पायदळ एका चालीत एक फूट, घोडदळ दोन फूट. तोफेपाशी सहा इंचांच्या आत निदान चार शिपाई असतील तरच ती डागता वा हलविता येई. एका चालीत फार तर चार गोळे. आरंभी जवळच्या झुंजीत नाणे उडवून निकाल लावीत असत, पण वेल्स यांना नशिबाचा कौल रुचेना. त्यांनी नाणेफेक काढून टाकली. समसमान शिपाई भिडले तर माणसास माणूस पडावा, आणि एकाकी पडलेल्या तुकडीवर दुपटीहून अधिक संख्या चालून आली तर उरलेल्यांनी कैद व्हावे, असा हिशोब ठरविला. शिवाय चालीला वेळेचे बंधन. तीस शिपायांमागे एक मिनिट आणि प्रत्येक तोफेमागे एक मिनिट. विचार करीत बसणाऱ्या सेनापतीच्या हातून घड्याळ चाल काढून घेई. हा शेवटचा नियम कचेऱ्यांतही लागू केला तर किती फायली मोकळ्या होतील, हा विचार आमच्या मनात येऊन गेला.

१९१३ साली ‘लिट्ल वॉर्स’ या नावाने हे सारे प्रसिद्ध झाले. चित्रे जे. आर. सिंक्लेअर यांची आणि छायाचित्रे जेनची. त्यात हूक्स फार्म या काल्पनिक लढाईचा वृत्तान्त आहे. निळ्या सैन्याचा सेनापती म्हणजे स्वतः वेल्स, आणि निवृत्त सेनाधिकाऱ्याच्या फुशारकीने त्यांनी तो लिहिला आहे. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने जमिनीवर गुडघे टेकून खेळत असलेल्या वेल्स यांचे पानभर चित्र छापले. काही सेनाधिकाऱ्यांनी पत्रे लिहिली, कारण प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून नकाशावर ठोकळे सरकवून युद्धाभ्यास करण्याची पद्धत होती आणि इतर देशांनी ती उचलली होती. वेल्स यांना तो प्रकार कंटाळवाणा वाटे, आणि त्यांनी तसे परिशिष्टात लिहूनही टाकले.

आज जगभर जी मंडळी ऐतिहासिक लढाया मेजावर मांडतात, ती या पुस्तकाला आपले आद्य पुस्तक मानतात. १९६२ साली डोनाल्ड फेदरस्टोन यांचे ‘वॉर गेम्स’ निघाले आणि तेथून या छंदाला नवे वळण मिळाले. १९६६ साली ब्रिटन कंपनीने पोकळ शिशाचे शिपाई ओतणे थांबविले. पुढची चित्रे आकाराने निम्मी झाली आणि बहुधा न रंगविलेलीच मिळू लागली. म्हणजे वेल्स यांना जे आयते मिळत होते ते खेळाडूने स्वतः करायचे. साच्याची रेघ कानशीने घासून काढायची, पांढरे वा काळे अस्तर द्यायचे, मग बारीक कुंचल्याने डगला, पट्टे, बटणे. पातळ काळसर रंग अंगावरून फिरवला की तो घड्यांत साचतो आणि सावली पडल्यासारखी दिसते. उंचवट्यांवर फिकट रंगाचे हात दिले की इंचभराचा माणूस हातभर अंतरावरून जिवंत भासतो. बैठकीचेही शास्त्र झाले. वेल्स यांचा शिपाई एकेकटा उभा असे. आता चार-सहा शिपाई एकाच पुठ्ठ्याच्या वा लाकडी चौकोनावर चिकटवितात, वर डिंक लावून वाळू आणि हिरवा रंगविलेला भुसा पसरतात. त्या चौकोनाची रुंदी म्हणजे पलटणीने रणांगणावर व्यापलेली जागा, म्हणून ती नियमांनी ठरलेली असते. १९६९ साली इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या वॉरगेम्स रिसर्च ग्रुपने या मापांना पुष्कळशी शिस्त लावली. एका पलटणीच्या कॉलरचा रंग कोणता, हे शोधण्यासाठी ही माणसे महिनेच्या महिने जुनी पुस्तके चाळतात. हा वेळेचा अपव्यय आहे असे आम्हांला वाटत नाही. एकेका शिपायाचा चेहरा तासभर खपून रंगविणारा माणूस आठ हजार पडले, दहा हजार पडले अशा आकड्यांवरून इतरांइतक्या सहजपणे पुढे जात नसावा.

वेल्स यांनाही काहीसे असेच म्हणायचे होते. पुस्तकाच्या अखेरीस ते एकदम गंभीर होतात. हा खेळ तीन-चार वेळा खेळलेल्या कोणालाही कळेल, की खरे युद्ध ही किती घोडचुकांनी भरलेली गोष्ट असली पाहिजे. ज्यांना लढायची खुमखुमी आहे अशा राजांना आणि देशभक्तीची आरोळी ठोकणाऱ्यांना एका मोठ्या दालनात शिशाचे शिपाई देऊन कोंडावे आणि बाकीच्या जगाने आपापल्या कामाला लागावे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. आपल्या खेळात कोणाचे प्रेत पडत नाही, कोणाचे शेत जळत नाही, हे ते आवर्जून नोंदवितात.

ही शाई वाळते न वाळते तोच ४ ऑगस्ट १९१४ उजाडला. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. नेमक्या त्याच दिवशी लेखिका रिबेका वेस्ट हिच्यापासून वेल्स यांना अँथनी हा मुलगा झाला. आणि याच दिवसांत वेल्स यांनी जे लेखन सुरू केले त्याने त्यांच्या चाहत्यांना चकित केले. हे युद्ध म्हणजे सर्व युद्धांचा अंत करणारे युद्ध, जर्मन लष्करशाही मोडली की जग निःशस्त्र होईल, असा त्यांचा सूर होता. या लेखांच्या संग्रहाचे शीर्षकच पुढे जगभर घोषवाक्य झाले. सप्टेंबरमध्ये सरकारने प्रचारासाठी बोलाविलेल्या साहित्यिकांच्या बैठकीलाही ते हजर होते. वर्षापूर्वी ज्यांना दालनात कोंडायला सांगितले होते, त्यांच्याच पंक्तीला लेखक जाऊन बसला.

याचा दोष किती द्यावा, हा प्रश्न सोपा नाही. बेल्जियमवर उघड आक्रमण झाले होते आणि त्या वेळी इंग्लंडात शांत राहिलेली डोकी मोजकीच होती. परंतु आमच्या मते वेल्स यांच्याकडून अपेक्षा अधिक होती, कारण त्यांनी ते आधीच पाहिले होते. १९०३ सालच्या एका कथेत त्यांनी रणगाडा कल्पिला होता, १९०८ च्या कादंबरीत शहरांवर आकाशातून बॉम्ब टाकले होते, आणि १९१४ च्याच आरंभी निघालेल्या कादंबरीत चक्क अणुबॉम्ब वापरला होता. खेळात त्यांनी नशिबाचा कौल नाकारला होता. युद्धाच्या बाबतीत मात्र चांगले दान पडेल या आशेवर सर्वस्व लावले.

सँडगेटला लागूनच फोकस्टन बंदर आहे. वेल्स कुटुंबाने १९०९ सालीच ते घर सोडले होते. ज्या किनाऱ्यावर गालिच्यावरची पहिली लढाई झाली त्याच किनाऱ्यावरून पुढची चार वर्षे लाखो सैनिक फ्रान्सला जाणाऱ्या जहाजांत चढले. वेल्स यांचे दोन्ही मुलगे वयाने लहान असल्यामुळे वाचले. आपल्या मराठी मुलखातून गेलेले पुष्कळ जण वाचले नाहीत. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. मेसोपोटेमियातील कुतच्या वेढ्यात त्या १४७ दिवस अडकल्या, घोड्यांचे मांस खाण्याची पाळी आली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. कैदेत वाळवंटातून चालविताना माणसे वाटेत पडत गेली. कैद झालेला शिपाई खेळातून बाजूला काढून ठेवायचा, एवढेच वेल्स यांच्या नियमात होते.

१९१६ साली वेल्स इटली आणि फ्रान्सच्या आघाड्या पाहून आले. त्याच वर्षी त्यांनी युद्धात मुलगा गमावलेल्या एका इंग्रज लेखकाची कादंबरी लिहिली. तिचा नायक मिस्टर ब्रिटलिंग म्हणजे बव्हंशी ते स्वतःच. १९१८ मध्ये ते शत्रुदेशांत प्रचार करणाऱ्या सरकारी खात्यात दाखल झाले, आणि राष्ट्रांच्या संघाचे आश्वासन प्रामाणिकपणे दिले जात नाही असे दिसताच काही आठवड्यांत बाहेर पडले. सरकारी खात्यात राहून आतून धोरण बदलण्याची आशा बाळगणाऱ्यांना त्यांचा हा अनुभव ओळखीचा वाटेल. युद्धोत्तर तहाने त्यांचा पूर्ण भ्रमनिरास झाला. आत्मचरित्रात त्यांनी आपल्या १९१४ च्या लेखनाची जी उलटतपासणी केली आहे तीत स्वतःला फारशी सूट दिलेली नाही. हिटलरविषयी लिहितानाही ते त्याला केवळ परका राक्षस ठरवून मोकळे झाले नाहीत. ब्रॉम्लीच्या टेकड्यांवर तेराव्या वर्षी आपण जे स्वप्न पाहत होतो तेच या माणसाच्या रूपाने सदेह उभे राहिले आहे, असे त्यांनी लिहिले.

उरलेली पंचवीस वर्षे त्यांनी एका कामाला वाहिली. प्रत्येक राष्ट्र आपापलाच इतिहास शिकते म्हणून लढते, तेव्हा अखिल मानवजातीचा एक इतिहास असला पाहिजे, या निश्चयाने त्यांनी १९१९-२० मध्ये ‘आउटलाइन ऑफ हिस्टरी’ लिहून काढला. त्याच्या लाखो प्रती खपल्या. पंडित नेहरूंनी तुरुंगातून कन्येला लिहिलेल्या जागतिक इतिहासाच्या पत्रांना या ग्रंथाचा आधार होता. १९४० साली दुसरे महायुद्ध चालू असताना वेल्स मानवी हक्कांचा एक जाहीरनामा घेऊन जगातील विचारवंतांकडे गेले. महात्मा गांधींनी त्यांना कळविले, की हक्कांऐवजी माणसाच्या कर्तव्यांच्या सनदेपासून आरंभ करावा. दोघांचे पटले नाही, पण प्रश्न दोघांचा एकच होता. लहान कामांचीही त्यांना लाज नव्हती. स्वतः मधुमेही असल्यामुळे १९३४ साली डॉ. आर. डी. लॉरेन्स यांच्यासह त्यांनी मधुमेही रुग्णांची संस्था काढली आणि ती आजही काम करीत आहे.

पण त्यांच्या कल्पना त्यांच्या हातात राहिल्या नव्हत्या. अणुबॉम्बची ती कादंबरी १९३२ साली लिओ झिलार्ड या हंगेरियन शास्त्रज्ञाने वाचली आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये त्याला अणूतील साखळी-प्रक्रियेची कल्पना सुचली. १९४० च्या बॉम्बवर्षावात रिजंट्स पार्कजवळच्या हॅनोव्हर टेरेसमधील आपले घर सोडण्यास वेल्स यांनी नकार दिला. आजारी, एकाकी, चिडखोर झालेले हे वृद्ध गृहस्थ तेथेच राहिले. जेन १९२७ सालीच वारली होती. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमाची बातमी त्यांनी त्याच घरात ऐकली.

१३ ऑगस्ट १९४६ रोजी त्यांचा अंत झाला. जेरोम यांनी ज्याचा शिपाई पाडला तो गिप तोपर्यंत प्राणिशास्त्रज्ञ झाला होता आणि वडिलांबरोबर जीवशास्त्रावरील एका मोठ्या ग्रंथाचा सहलेखकही. महायुद्धाच्या पहिल्या दिवशी जन्मलेला अँथनी बत्तीस वर्षांचा होता. या दोघांनी होडी करून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ वडिलांची रक्षा समुद्रात सोडली.